दोन सुऱ्यांनी फोडलेली पानं

मी एक कादंबरी बोलतेय. फ्रेंच, पिवळ्या कागदी वेष्टनातली, आणि एके काळी फार बदनाम. आत्ता मी ल्यों शहरातल्या एका बुकबाइंडरच्या शिकंज्यात आडवी पडले आहे. उद्या सकाळी तो माझ्या तिन्ही कडा कापून सरळ करणार आहे. मला विकत घेणाऱ्या हौशी गृहस्थांनी तसंच सांगितलंय. "कातडी बांधणी करा, वर सोनेरी अक्षरं घाला, आणि या कडा बघा, उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसतात. त्या साफ करून टाका," म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले हो. पण माझ्या घरात जे काही वाईट घडायला आलं ते मायेच्याच आवाजात आलं, म्हणून मला तो आवाज ऐकला की धडकी भरते.

माझ्या कडा म्हणजे माझं तोंड आहे. त्या गेल्या की मी मुकी होईन. म्हणून आज जे सांगायचं ते सांगून टाकते.

माझ्यात आहे तरी काय? एक बाई आहे. नवऱ्याचं भरलेलं घर सोडते, भाड्याची खोली घेते आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावते. नवऱ्याचं नाव नाही, बापाचं नाही, नुसतं स्वतःचं. पुढं तिला मूल होतं आणि ते कुणाचं हे ती कुणालाही सांगत नाही. झालं! एवढ्यावरून चर्चमधून माझ्या नावानं शंख झाला. वर्तमानपत्रांनी मला विष म्हटलं. स्टेशनावरचे पुस्तकवाले मला गल्ल्याखाली दडवून ठेवायचे आणि तिथूनच धडाधड विकायचे. पण लोकांचा सगळ्यात जास्त राग होता तो माझ्या शेवटावर. तो शेवट मी तुम्हाला इतक्यात सांगत नाही.

मला नोएमी रोदियेर नावाच्या बाईनं क्लेरमाँच्या स्टेशनावर विकत घेतलं. मोठं युद्ध, म्हणजे पहिलं महायुद्ध, संपून चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हा आम्ही पुस्तकं घड्या न फोडताच दुकानात यायचो. मोठा कागद छापायचा, त्याची घडी घालायची आणि तशीच शिवायची. पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्याच राहायच्या. ज्याला वाचायचं त्यानं सुरी घ्यायची, एकेक घडी फोडायची आणि मग पुढं जायचं. त्यामुळे आमच्याकडं लपवाछपवी चालायची नाही. कोण कुठपर्यंत वाचून थांबलं ते कडा बघून कुणीही सांगायचं. कित्येक मोठ्या घरांत भिंतभर पुस्तकं असायची आणि सगळ्यांची पहिलीच दहा पानं फोडलेली. ते बघून आम्ही आपसांत हसायचो.

नोएमीनं मला नेलं ते तियेर गावात. आख्खं गाव सुऱ्यांचं. डोंगराच्या उतारावर घरं, खाली द्युरोल नदी, नदीवर पाणचक्क्या आणि त्यांवर सुऱ्यांना धार लावायचे दगड. धार लावणारे फळीवर पालथे पडून दिवसभर काम करायचे आणि खाली वाहतं पाणी म्हणून पायांवर उबेला कुत्रं निजवायचे. नोएमीचा बाप तसाच फळीवर पालथा पडून म्हातारा झाला. तिचा नवरा आन्सेल्म मात्र कारखान्याचा मालक. म्हणजे कारखाना आईच्या नावावर आणि मिशा याच्या, असं गावातले लोक म्हणायचे.

आन्सेल्म युद्धावर गेला तेव्हा कारखाना नोएमीनं चालवला. माल ठरवला, मजूर सांभाळले, पॅरिसच्या व्यापाऱ्यांशी भांडली. तो परत आला, पहिल्या सकाळी कारखान्यात गेला आणि म्हणाला, "फार दमलीस गं तू. आता घरी आराम कर." त्याला वाटलं आपण बायकोला बक्षीस देतोय. तेव्हापासून ती घरात होती. आराम करून करून तिची झोप उडाली होती.

ती मला खोलीबाहेरच्या आपल्या कपाटात चादरींच्या खाली ठेवायची. दुपारी सगळे कामाला गेले की बापानं केलेल्या छोट्या सुरीनं माझी एखादीच घडी फोडायची. किती हलका हात! कागदाला कळायचंसुद्धा नाही की आपण कापले गेलो. लगेच सगळं वाचून संपवायची नाही, पुरवून पुरवून खायच्या मिठाईसारखं चालायचं तिचं. माझ्यातली बाई भाड्याची खोली बघायला जाते, तिथपर्यंत ती आली होती. त्याच सुमारास तिनं केस कापून मानेपर्यंत आखूड केले आणि क्लेरमाँतल्या एका सुऱ्यांच्या दुकानात, दुकान सांभाळायची नोकरी ठरवली.

नोकरीला नवऱ्याची लेखी संमती लागायची. आन्सेल्म नाही म्हणाला.

"तर मग संमतीवाचून जाईन," नोएमी म्हणाली.

तो ओरडला नाही. तो फक्त तिच्याकडं बघत राहिला, आजारी जनावराकडं बघावं तसा. मला तेव्हाच कसंतरी झालं.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगते. सासूबाई, फिलोमेन. काळा पोशाख, काळी टोपी, कमरेला किल्ल्या. नोएमी आणि मोलकरीण धुणं घेऊन नदीवर गेल्या की या बाई घराची झडती घ्यायच्या. अशाच एका धुण्याच्या दिवशी मी त्यांच्या हाताला लागले. "अगंबाई, हीच का ती मेली!" असं म्हणून त्यांनी मला खाली टाकलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि परत उचललं.

फोडलेली पानं त्यांनी दोन धुण्यांत संपवली. कपाटाला टेकून उभ्यानंच वाचायच्या, बसलं की पाप जास्त लागतं अशी त्यांची समजूत असावी. मधूनच पुटपुटायच्या, "बघा, बघा, नवऱ्याला कशी उलट बोलते! जीभ आहे का कातर?" आणि एकदा चक्क हसल्या. तोंडावर हात ठेवून, पोरीसारख्या.

मग बंद घड्या आल्या. तिथं शहाण्या माणसानं थांबायचं. त्यांनी खिशातून स्वतःची जेवणाची सुरी काढली. आमच्याकडं प्रत्येकाची सुरी स्वतःची असते, मरेपर्यंत तीच. त्यांच्या सुरीच्या पात्याला मधोमध एक खाच होती. ती दर पानाला त्याच जागी अडकायची आणि कागदाला एक दात उभा करायची. मला दुखत होतं, पण खरं सांगते, इतक्या भुकेनं मला कुणी वाचलं नव्हतं. नोएमी थंडीतापानं आठवडाभर अंथरुणावर होती, तेवढ्यात बाईंनी मला शेवटच्या ओळीपर्यंत नेलं.

शेवट वाचून त्यांनी मला मिटलं. मग मला घेऊन चुलीपाशी गेल्या. चुलीचं झाकण काढलं. मला धग लागली. पुन्हा झाकण ठेवलं, मला चादरींखाली सरकवलं आणि त्या दिवशी जेवताना मुलाला म्हणाल्या, "बायकोचं कपाट बघ एकदा."

का म्हणाल्या? मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं त्यांना राग आला होता. माझ्यातल्या बाईचा नव्हे, स्वतःच्या सगळ्या आयुष्याचा. आणि तो काढायला सून जवळ होती. त्यांना वाटलं असेल, मुलगा चार शब्द बोलेल, पुस्तक जाळेल, विषय संपेल.

आन्सेल्मनं मला जाळलं नाही. त्यानं मला कोटाच्या खिशात घातलं आणि डॉक्टर कुर्तियाल यांच्याकडं नेलं.

त्या काळचा कायदा सोपा होता. नवऱ्याचा अर्ज आणि एका डॉक्टरचा दाखला, एवढ्यावर बाईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवता यायचं. नोएमीच्या गल्लीतली एक शिवणकाम करणारी बाई तशी गेली होती. जाताना शेजारणीला म्हणाली, "फुलांना पाणी घाल, मी येतेच." फुलं वाळली, कुंड्या कुणी नेल्या, आता त्या खिडकीत कोंबड्यांचा पिंजरा होता.

"तिच्या भल्यासाठीच," आन्सेल्म म्हणाला.

"अर्थात," डॉक्टर म्हणाले. "रविवारी जेवायलाच येतो. बोलता बोलता तपासणी होऊन जाईल. तिला आधी सांगू नका."

रविवार उजाडला. कोबीचं सूप, खारवलेलं डुकराचं मांस, चीज, अक्रोड. सगळ्यांनी खिशातून आपापल्या सुऱ्या काढून उघडल्या. नोएमी तापातून नुकती उठलेली, तरी तिनं टेबल छान मांडलं होतं. पाहुणे कशाला आलेत ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी डॉक्टरांच्या बॅगेत कोऱ्या दाखल्याला चिकटून होते. आपल्याला तोंड असून बोलता येत नाही, याचं दुःख त्या दिवशी मला कळलं.

फिलोमेनबाईंना मात्र मुलानं त्याच सकाळी कानात सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्या बोटांनी पाव तोडत होत्या.

"आई, तुमची सुरी कुठंय?" नोएमीनं विचारलं.

"असेल कुठंतरी. भूक नाही मला."

डॉक्टर गोड बोलत होते. झोप लागते का? डोकं दुखतं का? केस का कापले?

"मान धुवायला सोपं जातं म्हणून," नोएमी म्हणाली. "तुम्ही नाही का कापत?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी मला बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं. शेजारी दाखला ठेवला, पेन ठेवलं. नोएमीनं दाखल्यावर छापलेलं वेड्यांच्या इस्पितळाचं नाव वाचलं. तिनं हात टेबलाखाली घेतले.

"मादाम, वाचायला माझी ना नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हे बघा. सुरुवातीची पानं किती शांतपणे फोडलीत! आणि इथून पुढं? ओरबाडलीत अक्षरशः. हात थरथरतोय, धीर नाही, घाई. मनाचा तोल नेमका कुठं गेला, ते मी बोट ठेवून दाखवू शकतो."

"ती पानं मी वाचलेलीच नाहीत," नोएमी म्हणाली.

"अगं, फोडलेली आहेत ना," आन्सेल्म हळू म्हणाला. "कशाला खोटं बोलतेस? इथं कुणी तुझ्यावर रागावलेलं नाही."

"ती खोली बघायला जाते, तिथं मी थांबले. पुढचं मला माहीत नाही."

डॉक्टरांनी 'स्वतःची कृत्यं आठवत नाहीत' असं लिहिलं. ते पेन कागदावर कुरकुरत होतं, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"जरा द्या ते इकडं," असं म्हणून नोएमीनं मला उचललं. बोट माझ्या कडेवरून फिरवत नेलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग दात. प्रत्येक पानाला, एकाच जागी. तिचं बोट तिथं थांबलं. सुऱ्यांच्या गावात पुरावाही सुरीचाच होता आणि तो कुणी पाहिला नव्हता, कारण सगळ्यांना माझ्या आतल्या पापातच रस होता. तिनं मान वर केली. सासूच्या ताटात चीज तसंच होतं, शेजारी सुरी नव्हती.

मला वाटलं, आता ही बोट दाखवणार. म्हणणार, यांनी फोडलीत! कुणीही म्हणालं असतं. नोएमीनं मला टेबलावर ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आई, शेवटी तिचं काय होतं?"

"बघितलंत?" आन्सेल्म डॉक्टरांना म्हणाला. "हे असं असतं. कुणाला काय विचारावं, एवढंही भान नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि सही करायला पेन खाली नेलं.

फिलोमेनबाई ताटाकडं बघत होत्या. खाली नदीवर पाणचक्की फिरत होती. मी मनात म्हणत होते, बोला, बाई, बोला. तुम्ही कपाटाला टेकून हसला होतात, आठवा. पण त्यांनी पावाचा आणखी एक तुकडा तोडला. पेन कागदाला टेकलं.

"काही होत नाही तिचं," फिलोमेनबाई म्हणाल्या.

पेन थांबलं.

"मरत नाही, आजारी पडत नाही, नवऱ्याच्या पाया पडायला परत येत नाही. मी वाट बघत होते, म्हटलं आता हिला शिक्षा होईल, पुढच्या पानावर होईल, त्याच्या पुढच्या. नाही झाली. ती दाराला कुलूप लावते, किल्ली खिशात टाकते आणि कामाला जाते. संपलं पुस्तक." त्यांनी पोशाखाच्या खिशातून सुरी काढली, उघडली आणि माझ्या शेजारी ठेवली. "ही घ्या. धीर नसलेला हात माझा आहे."

आन्सेल्मनं सुरी उचलली. ती खाच त्यानंच पाडली होती, लहानपणी अक्रोड फोडताना. त्यासाठी त्यानं मारही खाल्ला होता. त्यानं ती माझ्या कडेला लावून बघितली. खाचेत दात बसला.

डॉक्टर मात्र फिलोमेनबाईंकडं बघत होते, मघाशी नोएमीकडं बघत होते तसेच, मायेनं. "मादाम," त्यांनी हळूच विचारलं, "आपलं वय काय? आणि झोप लागते का आपल्याला?"

असं म्हणत त्यांनी बॅगेतून दाखल्याचा दुसरा कोरा कागद काढला. माझ्या पानापानांतून थंडी गेली. तो माणूस दुष्ट नव्हता हो. त्याला खरंच काळजी वाटत होती.

आन्सेल्म त्या कोऱ्या कागदाकडं बघत राहिला. मग आईच्या सुरीचं पातं त्यानं खटकन मिटलं. आमच्याकडं घरातल्या कर्त्यानं सुरी मिटली की जेवण संपलं. मग ताटात काही का असेना, पाहुणा असो की बिशप, उठायचंच. डॉक्टर उठले. पण दोन्ही कागद त्यांनी घडी करून बॅगेत ठेवले, फाडले नाहीत.

"संमती लिहून दे तिला," ते गेल्यावर फिलोमेनबाई मुलाला म्हणाल्या.

"आई, गावात लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला नको सांगू. तुझा बाप गेला तेव्हा कुठं माझी सही चालायला लागली. बाईच्या सहीसाठी नवरा मरावा लागतो, हे बरं आहे का रे? तिला तरी तुझ्या मरणाची वाट बघायला लावू नकोस. लिही. नाहीतर कारखान्याचं काय करायचं ते मी माझ्या सहीनं ठरवीन."

त्यानं लिहिलं. लिहिताना तो रडत होता. कशासाठी, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

स्टेशनावर पोचवायला फिलोमेनबाई एकट्याच आल्या. मला त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून नोएमीच्या पेटीत घातलं होतं, वरून मात्र म्हणाल्या, "तो घाणेरडा प्रकार घेऊन जा तुझा." मग खिशातली सुरी काढून पुढं केली. "ही पण ने. मला आता दातच नाहीत, सुरी काय करायची?"

नोएमी मागं सरली. तियेरमध्ये सुरी कुणी फुकट देत नाही आणि घेत नाही. फुकट सुरी नातं कापते. एक नाणं तरी द्यावंच लागतं. नोएमीनं खिसे चाचपले. तिच्याजवळ स्वतःचा असा पैसाच नव्हता, तिकीटसुद्धा नवऱ्यानं काढलेलं.

फिलोमेनबाईंनी स्वतःच्या बटव्यातून एक सू, म्हणजे आमच्याकडचा सुटा पैसा, काढला, सुनेच्या मुठीत ठेवला आणि लगेच हात पसरला. "दे आता. दे लवकर, गाडी सुटेल."

नोएमीनं दिला. बाईंनी तो बटव्यात टाकला, बटव्याची दोरी ओढली आणि म्हणाल्या, "विकत घेतलीस हं. कुणी विचारलं तर सांग."

क्लेरमाँत नोएमीनं भाड्याची खोली घेतली. दारावर नावाची पाटी लावली. मी फळीवर, सुरी माझ्या शेजारी. पण सुखानं राहिली असं मी सांगणार नाही. नवरा दिलेली संमती कधीही मागं घेऊ शकत होता, आणि ते दोन कागद कुणाच्यातरी बॅगेत होतेच. जिन्यावर अनोळखी पावलं वाजली की तिचा हात शिवणावरून थेट किल्लीकडं जायचा. दारावर थाप पडली की आधी ती माझ्याकडं बघायची, मग दाराकडं. पाव देणारा असायचा, कोळसेवाला असायचा. ती वर्षं मी तिच्याबरोबर दचकत काढली. कायदे बदलले, माणसं मेली, तिचे आखूड केस पांढरे झाले. तिचं दचकणं काही गेलं नाही.

एक गंमत सांगते. उरलेली पानं तिनं कधीच वाचली नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायची, "शेवट माहीत आहे मला. आमच्या आईंनी सांगितलाय."

ती गेल्यावर सामान विकलं गेलं. सुरी कुणी नेली, मला माहीत नाही. मी या हौशी गृहस्थांच्या हाती आले. त्यांनी मला वाचलंय बरं का. "आता यात काही विशेष वाटत नाही," असं म्हणून जांभई दिली. बरोबर आहे. त्यांच्या घरी कुणी दाखल्याचा कागद घेऊन जेवायला आलेलं नाही.

बाइंडर आता दिवा मालवून घरी निघालाय. पातं माझ्या वर आहे. उद्या माझी अक्षरं सगळी शाबूत राहतील, एकही कमी होणार नाही, आणि लोक म्हणतील पुस्तक किती छान राखलंय. त्याआधी एकदा या. माझ्या कडेवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागेल ती नोएमी. मग जिथं टोचेल तिथं थांबा. तिथं एक म्हातारी कपाटाला टेकून उभी आहे, वाचतेय, आणि तिला पुढचं पान हवंय.